लाकडी जहाजाच्या मॉडेलसाठी हत्यारं: पैसे कशावर घालावेत, काय दुकानातच ठेवावं

लाकडी जहाजाचा पहिला किट विकत घेताना त्याच्या शेजारीच हत्यारांचा तयार संच दिसतो. वीस-पंचवीस नग, चेनची बॅग आणि परवडेल अशी किंमत. हा संच घेऊ नका. त्यात हलका चाकू, खिळे दाबायचा पुशर आणि फळीला खाचा पाडून ती वाकवणारी पक्कड हमखास असते. चाकू काही दिवस चालतो, पुशर क्वचित लागतो आणि त्या पक्कडीने जहाजाची नाळ (पुढचं टोक) बिघडते. तेवढ्याच पैशांत सुटी घेतलेली सात-आठ हत्यारं पुढची अनेक जहाजं साथ देतात. म्हणून जहाज ज्या क्रमाने उभं राहतं, त्याच क्रमाने इथे हत्यारं तपासली आहेत. समोर धरलाय तो नेहमीचा किट: प्लायचे बल्कहेड (जहाजाच्या आडव्या छेदाच्या आकाराचे तुकडे), त्यावर फळ्यांचे दोन थर, पहिला ५ × १.५ मिमी लाइमवुडचा आणि दुसरा ०.५ मिमी अक्रोडाचा किंवा सपेलीचा, प्रमाण १:६४ च्या आसपास.

सुरुवात सपाट पायापासून. कील म्हणजे जहाजाचा कणा, चार-पाच मिमी जाडीच्या प्लायची लांब पट्टी. तिला किंचित पीळ असला तरी पुढे सगळं जहाज तिरकं होतं आणि ते नंतर कशानेच सुधारत नाही. किचनच्या ओट्याचं काम करणाऱ्यांकडे पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे मिळतात. कीलपेक्षा वीतभर लांब तुकडा निवडा, स्टीलची पट्टी उभी धरून चारी दिशांना आणि दोन्ही कर्णांवर खालून उजेड येतो का ते बघा. कडप्पा नको, तो एवढा सपाट नसतो. कील उभी धरायला बाजारात बिल्डिंग क्लॅम्प मिळतात. ते चांगले असतात, पण लांब कीलला त्यांचे दोन-तीन बिंदू अपुरे पडतात. १२ मिमी प्लायच्या फळीवर अॅल्युमिनियमच्या दोन अँगल पट्ट्या समोरासमोर स्क्रूने बसवल्या की कील पूर्ण लांबीभर धरली जाते. सोबत इंजिनिअरचा छोटा गुण्या हवाच. दोन-तीन इंची पुरतो. प्रत्येक बल्कहेड कीलशी काटकोनात आहे का हे फेव्हिकॉल ओला असतानाच तपासायचं असतं. चुकून वाकडं चिकटलंच तर सांध्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा. पांढरा फेव्हिकॉल थोड्या वेळात मऊ पडतो आणि तुकडा न मोडता निघतो.

मोजण्यासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली १५० मिमीची स्टील पट्टी आणि एक डिजिटल कॅलिपर घ्या. मितुतोयो कंपनीचा परवडला तर उत्तमच. पण या कामात ०.०५ मिमीचा फरक चालतो, त्यामुळे साधा कॅलिपरही पुरतो. फक्त जबडे मिटवून उजेडात धरा. फट दिसली तर परत करा. मोजमापाचं खरं काम आहे फळीची रुंदी ठरवणं. मधल्या बल्कहेडवर डेकपासून कीलपर्यंतचा घेर कागदाच्या पट्टीने घ्या. समजा तो ९० मिमी भरला, तर ५ मिमीच्या १८ फळ्या बसतात. नाळेजवळच्या बल्कहेडवर तोच घेर ५४ मिमी असेल, तर तिथे प्रत्येक फळी ३ मिमीची करावी लागेल. फळी मूळ रुंदीच्या निम्म्याहून, म्हणजे अडीच मिमीहून, अरुंद करायची नाही. तशी वेळ आली तर दोन फळ्यांच्या जागी एक आणायची. हा हिशोब प्रत्येक बल्कहेडवर करायचा असतो, आणि त्यासाठी प्रपोर्शनल डिव्हायडर हे लांबी ठरावीक प्रमाणात लहान-मोठी करून देणारं हत्यार अतिशय कामाचं आहे. ते नसेल तर कागदावर पंख्यासारख्या रेघा काढून घेराची पट्टी त्यावर आडवी सरकवली तरी तेच उत्तर येतं. डिव्हायडर घेणं ही चैन आहे, पण नियमित वापर होणारी चैन आहे.

आता चाकू. एक्सॅक्टोचा नंबर १ हँडल आणि ११ नंबरचं पातं ही जगभरची सवय. हँडल हातात छान बसतो, पण पातं धरणारे जबडे कापताना हळूहळू सैल होतात. दर थोड्या वेळाने आवळावं लागतं, नाहीतर पातं किंचित फिरतं आणि रेघ सुटते. आमची पसंती सर्जिकल स्काल्पेलला आहे. नंबर ३ चा हँडल घ्या. त्यावर १०, १०ए, ११, १२ आणि १५ ही पाती बसतात. नंबर ४ चा हँडल मोठ्या, २० नंबरच्या पुढच्या पात्यांसाठी असतो, तो नको. सर्जिकल सामानाच्या दुकानात पाती शंभराच्या खोक्यात मिळतात आणि नग मॉडेलिंगच्या पात्यापेक्षा खूप स्वस्त पडतो. स्वान-मॉर्टनची कार्बन स्टीलची पाती मिळाली तर तीच घ्या. स्टेनलेसपेक्षा त्यांची धार तिखट लागते. मात्र कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात त्यांना गंज चढतो. सीलबंद पाकिटातून एकेक काढा, उघडं ठेवू नका. सरळ कापायला १०ए, बारीक कोपऱ्यांना ११, कोरीव कामाला १५. स्काल्पेलचं पातं पातळ आणि कडक असतं. ते आडवं पिळलं किंवा फट उचकटायला वापरलं की टोक तुटून उडतं. पातं बदलताना बोटांनी ओढायचं नाही, पक्कडीने मागची बाजू उचलून सरकवायचं. लाकूड कापताना एका झटक्यात आरपार जायचा प्रयत्न नको. पहिला हात नुसती रेघ पाडायला, दुसरा-तिसरा कापायला. पहिल्याच हाताला जोर दिला तर पातं लाकडाच्या रेषांमागे वळतं.

दीड मिमीच्या फळीचा आडवा छेद मात्र चाकूने घेऊ नये. पातं लवतं आणि छेद खालून तिरका होतो. त्याला इंचाला ४० ते ५० दात असलेली रेझर सॉ (पातळ पात्याची करवत) आणि छोटा माइटर बॉक्स (करवत नेमक्या कोनात धरणारा खाचांचा साचा) लागतो. एका मापाचे खूप तुकडे हवे असतील, म्हणजे डेकच्या फळ्या, तर रेझर ब्लेडचा चॉपर घ्या. वीस-चोवीस फुटी डेकफळी १:६४ ला ९५ ते ११५ मिमी भरते. चॉपरचा थांबा एकदा लावला की शंभर तुकडे एकाच लांबीचे निघतात. लाइमवुड आणि मेपलच्या पातळ फळ्यांपुरताच तो वापरा.

फळी निमुळती करायला चाकूपेक्षा रंधा बरा. स्टॅनले किंवा व्हेरिटासचा लो-अँगल ब्लॉक प्लेन या कामात मनापासून आवडावा असा आहे. पातं सुमारे १२ अंशांवर बसतं, त्याला २५ अंशांची धार दिली की कापणारा कोन ३७ च्या आसपास येतो आणि लाइमवुडची कड न उचकटता साल निघते. एवढी गुंतवणूक नको असेल तर अंगठ्याएवढा पितळी रंधाही चालतो. फक्त त्याचा तळ काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून घासून सपाट करून घ्यावा लागतो. डाव्या आणि उजव्या बाजूची फळी एकत्र शिकंजात, दोन स्टील पट्ट्यांमध्ये धरा आणि दोन्हींवर एकदमच रंधा मारा. दोन्ही बाजू जुळतात आणि वेळही वाचतो. धार लावायला महागडे दगड लागत नाहीत. जाड काचेवर ४००, ८००, १२०० आणि २००० चा वॉटर पेपर, शेवटी चामड्यावर हिरवी पॉलिशिंग पेस्ट. बोथट रंधा कितीही भारी कंपनीचा असला तरी फळी फाडतो.

बल्कहेडच्या कडा जहाजाच्या आकारात घासणं म्हणजे फेअरिंग. इथे रोटरी मशीन लावणारे पस्तावतात. एका सेकंदात कडेला खड्डा पडतो. लवचिक पट्टीवर १२० नंबरचा कागद चिकटवा. पट्टी एवढी लांब हवी की एका वेळी किमान तीन बल्कहेडवर टेकेल. घासत असताना मध्ये मध्ये एक फळी आडवी ठेवून बघायचं. ती प्रत्येक बल्कहेडवर पूर्ण जाडीने टेकली पाहिजे, नुसत्या कडेवर नाही. सँडिंग स्टिक विकत घेण्याची काहीच गरज नाही. २ मिमी प्लायच्या पट्ट्या कापून १२०, १८०, २४० आणि ३२० चे कागद चिकटवले की वर्षभर पुरतात.

सगळ्यात जास्त वाया जाणारे पैसे फळी वाकवायच्या हत्यारांवर जातात. संचातली ती पक्कड फळीच्या आतल्या बाजूला आडव्या खाचा पाडते. खाच जवळजवळ निम्म्या जाडीपर्यंत जाते, म्हणून फळी गोल वळत नाही, खाचेखाचेला मोडत जाते. बाहेरून घासायला लागलं की प्रत्येक मोडीचा उंचवटा जातो, तिथेच लाकूड पातळ होतं आणि आतली खाच वर येते. झाकल्या जाणाऱ्या पहिल्या थरासाठी ती चालते असं विक्रेते सांगतात; पण पहिला थर खडबडीत असेल तर अर्धा मिमीचा दुसरा थर त्याच्या प्रत्येक उंचवट्याची साक्ष देतो. ही पक्कड दुकानातच राहू दे.

लाकूड वाकतं ते उष्णतेने. ओल्या लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, तापलं की मऊ होतं आणि थंड झाल्यावर त्याच आकारात घट्ट बसतं. पाणी उष्णता आतपर्यंत न्यायला आणि लाकूड करपू न द्यायला मदत करतं, नुसत्या भिजवण्याने काम होत नाही. दीड मिमीची लाइमवुडची फळी पंधरा-वीस मिनिटं भिजवा. अर्धा मिमीच्या दुसऱ्या थराला ओला हात फिरवला तरी पुरे. मग गोल डोक्याचा विजेचा बेंडर. अमाती कंपनीचा या कामासाठी प्रसिद्ध आहे आणि त्याच्यासोबत येणारा लाकडी साचा उपयोगी आहे. बहुतेक बेंडरना तापमान ठरवायची सोय नसते, म्हणून फळी एका जागी थांबवायची नाही. पुढे-मागे सरकवत दाब द्यायचा. घरच्या घरी करायचं तर ६० वॅटच्या तीन पिनी सोल्डरिंग आयर्नवर वीसेक मिमी व्यासाचा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा नळीचा तुकडा घट्ट बसवा, अर्थिंग नक्की तपासा. नळीवर पाण्याचा थेंब चरचरला की तापमान योग्य. फळीचा तुकडा तपकिरी पडला तर जास्त झालं.

नाळेजवळ फळीला आणखी एक वळण लागतं, तिच्या रुंदीच्या दिशेने. ते न देता सरळ फळी दाबून बसवली की तिची खालची कड उचलली जाते. त्यासाठी कुठलंच खास हत्यार घ्यावं लागत नाही. ओली फळी सपाट बोर्डावर एका टोकाला क्लॅम्प करा, दुसरं टोक बाजूला ओढून तिथेही क्लॅम्प लावा. मधे उचलली जाऊ नये म्हणून वर एक वजनदार तुकडा ठेवा, आणि हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटं गरम हवा द्या. गार झाल्यावरच सोडायचं, आणि हवं त्यापेक्षा थोडं जास्तच वळण द्यायचं, कारण फळी थोडी परत उघडते. यानंतर ती लगेच चिकटवू नका. ओलं लाकूड रेषांच्या आडवं फुगलेलं असतं. तसंच चिकटवलं तर वाळताना आकसतं आणि दोन फळ्यांमध्ये केसाएवढ्या फटी पडतात. बल्कहेडवर नुसती क्लॅम्प करून रात्रभर वाळू द्या, मग फेव्हिकॉल लावा.

क्लॅम्प जितके असतील तितके कमीच. लहान बुलडॉग क्लिप आणि कपड्यांचे लाकडी चिमटे (जबडे उलटे करून जोडलेले) पहिल्या दहा फळ्यांना पुरतात. बल्कहेडला पकडणारे स्क्रूचे प्लँकिंग क्लॅम्प मात्र सहा-आठ घ्याच, कारण नाळेजवळ चिमटा टिकत नाही. खिळे पुशरने दाबायचे असतील तर आधी बारीक भोक पाडा: ०.७ मिमीच्या पितळी खिळ्याला ०.६ चं. भोक न पाडता दाबलेला खिळा प्लायच्या कडेला थर उकलतो. घासायच्या आधी सगळे खिळे काढायचे असतात, म्हणून त्यांची डोकी पूर्ण आत घालू नका.

भोकांसाठी पिन व्हाइस, म्हणजे बारीक ड्रिल धरून हाताने फिरवायची मूठ, घ्या. मागचं टोक तळहातात फिरतं असं, आणि दोन्ही बाजूंनी वापरता येणाऱ्या दोन कोलेटसह (ड्रिल आवळून धरणाऱ्या चिरलेल्या नळ्या) ०.३ ते ३.२ मिमी धरणारं. ६१ ते ८० नंबरच्या वीस ड्रिलचा संच आकर्षक दिसतो. ६१ म्हणजे ०.९९ मिमी, ८० म्हणजे ०.३४. पण त्यातले चार-पाचच आकार रोज लागतात, आणि स्वस्त संचात धार असमान असल्याने ड्रिल भोकाच्या मध्यापासून सरकतं. त्यापेक्षा ०.५, ०.६, ०.८ आणि १.० मिमीची एचएसएस (हाय-स्पीड स्टील) ड्रिल दहा-दहाच्या पाकिटात घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात पीसीबीची (सर्किट बोर्डाला भोकं पाडायची) कार्बाइड ड्रिल खूप स्वस्त मिळतात, दांडा ३.१७५ मिमी. ती ठिसूळ असतात. हातात धरलेल्या पिन व्हाइसमध्ये किंचित कलली की तुटतात. फक्त उभ्या ड्रिल स्टँडमध्ये वापरा.

फळ्यांवर मेखा दाखवायच्या असतील तर आधी प्रमाण बघा. खऱ्या जहाजावर लाकडी मेख एक ते दीड इंच जाड. १:६४ ला ती ०.४ ते ०.६ मिमी होते. १ मिमीच्या मेखा घातल्या की जहाज देवीचे व्रण उठल्यासारखं दिसतं. बांबू यासाठी सर्वांत चांगला, कारण त्याच्या रेषा सरळ आणि लांब असतात. पेर टाळून बांबू मिलिमीटरभर जाड चौकोनी काड्यांत फाडा, टोक निमुळतं करा आणि पोलादी ड्रॉ प्लेटच्या (उतरत्या मापाची भोकं असलेली पट्टी) एकेका लहान भोकातून ओढत जा. सोनारांच्या सामानाच्या दुकानात तार ओढायची जी प्लेट मिळते तीही चालते, पण काडी उलट्या बाजूने, लहान तोंडाकडून घाला. तारेसाठी मोठं तोंड धातूला दाबत नेतं, बांबूला मात्र कापायला तीक्ष्ण कड लागते. सरळ बाजूने घातलेला बांबू फक्त दबतो आणि तुटतो.

डोलकाठ्यांसाठी किटमधल्या गोल काठ्या काचेवर लोळवून बघा, निम्म्या वाकड्या निघतात. चौकोनी, सरळ रेषांचं लाकूड घ्या. प्रत्येक बाजूवर ५:७:५ अशा खुणा करून कोपरे रंध्याने काढले की अचूक अष्टकोन होतो, मग सोळा बाजू, मग १८० चा कागद. लेथची गरज नाही. बॅटरीच्या ड्रिलमध्ये एक टोक धरून हळू वेगाने फिरवत कागद लावला तरी काम होतं. मात्र कागद एकाच जागी धरला तर तिथे कंबर पडते.

दोरखंडांच्या कामाला तीन चिमटे: सरळ, वाकडा, आणि दाबल्यावर उघडणारा. सर्जिकल दुकानातला लहान सरळ हिमोस्टॅट (पकडून अडकून राहणारा चिमटा) या तिघांइतकाच उपयोगी आहे. डोळ्यांसाठी ऑप्टिव्हायझर (डोक्यावर बांधायचं भिंग) घ्या, पण मोठ्या आकड्याच्या मोहात पडू नका. डीए-३ ची भिंगं १.७५ पट मोठं दाखवतात आणि १४ इंचांवर फोकस होतात. डीए-५ अडीच पट, पण ८ इंचांवर. आठ इंचांत डोकं डोलकाठीला लागतं आणि हात फिरवायला जागा उरत नाही.

यंत्रं शेवटी. ड्रेमेलसारख्या रोटरी मशीनने या छंदाची सुरुवात करायची गरज नाही. त्याचा किमान वेगही मिनिटाला पाच ते दहा हजार फेऱ्यांचा असतो. अक्रोड लगेच करपतो. घेतलंच तर कोलेटऐवजी तीन जबड्यांचा चक जोडून घ्या, म्हणजे बारीक ड्रिल धरता येतात. पहिलं खरं कामाचं यंत्र म्हणजे छोटी टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत), आणि तीही स्वतः फळ्या पाडायच्या ठरल्यावर. प्रॉक्सॉनची केएस २३० पातळ पट्ट्यांपुरती आहे: ८५ वॅट, ५८ मिमी पातं, छेद ८ मिमीपर्यंत. त्यांच्याच एफईटीचं पातं ८० मिमी आणि छेद २२ मिमी, गाइड बारीक सरकवायची सोय चांगली. परवडत असेल तर तीच. परदेशातून मागवताना युरोपातलं २३० व्होल्टचं मॉडेल घ्या, आपल्याकडे फक्त प्लग बदलावा लागतो. अमेरिकेतलं ११५ व्होल्टचं थेट लावलं तर मोटर जळते.

पात्याची जाडी इथे पैशांइतकीच महत्त्वाची. ७५ मिमी रुंद फळीतून दीड मिमीच्या पट्ट्या पाडताना ०.५ मिमीच्या पात्याने ३७ निघतात, दीड मिमीच्या पात्याने फक्त २५. पण पातळ, खूप दातांचं पातं जाड लाकडात भुसा बाहेर टाकू शकत नाही, तापतं आणि भरकटतं. सहा मिमीहून जाड लाकडाला कमी दातांचं पातं लावा. लाकूडही त्याच नजरेने निवडा. ट्रिंकोमाली हे १८१७ साली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभं आहे, पण त्याचं मॉडेल सागवानात करू नये. सागाची पाव मिमीची छिद्रं १:६४ ला सोळा मिमीची दिसतात, आणि त्यातली सिलिका धार बोथट करते. कोकण-विदर्भातला हेदू बारीक, पिवळसर आणि एकसारखा असतो. बॉक्सवुडऐवजी तो उत्तम. कापताना ढकलायची काठी वापरा, एन९५ मास्क लावा, आणि पातं फिरत असताना कापलेली पट्टी हाताने उचलू नका.